कार्बन कराचे पैसे घरी परत येतात, तरी लोक नाराज का? कॅनडा आणि इराणचा धडा

पेट्रोल, डिझेल, कोळसा किंवा गॅस जाळला की कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि पृथ्वी तापते. हे जाळणे कमी व्हावे म्हणून काही देशांची सरकारे दर टन कार्बनमागे पैसे आकारतात. यालाच कार्बन कर म्हणतात. इंधन महागले की घर असो वा कारखाना, प्रत्येक जण कमी जाळण्याचा मार्ग शोधतो, हा त्यामागचा विचार.

पण महागाईची झळ आधी गरिबाला बसते. त्यावरचा उपाय म्हणजे कार्बन लाभांश. कराचे पैसे तिजोरीत न ठेवता घरोघरी सारखे वाटून टाकायचे.

हिशेब कसा जमतो?

ज्याच्या घरी दोन गाड्या आणि चार एसी, तो इंधन जास्त जाळतो, म्हणून कर जास्त भरतो. बसने जाणारा, दोन खोल्यांत राहणारा कमी भरतो. परत मिळणारी रक्कम मात्र दोघांना सारखीच. त्यामुळे साध्या घराच्या हाती, भरले त्यापेक्षा जास्त येते. ही खैरात नाही. हवा सगळ्यांची आहे, म्हणून तिच्या भाड्यात सगळ्यांचा वाटा.

कागदावर हे इतके सरळ आहे. मग लोकांचा पाठिंबा का टिकत नाही?

कॅनडा: पैसे आले, पण दिसले नाहीत

कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१९ मध्ये, ज्या प्रांतांची स्वतःची व्यवस्था नव्हती तिथे इंधनावर टनामागे २० डॉलर कर लावला. २०२४ पर्यंत तो ८० डॉलर झाला, म्हणजे पेट्रोलवर लिटरमागे सुमारे साडेसतरा सेंट. जमा रकमेचा सुमारे ९० टक्के भाग घरांना परत जायचा. २०२४-२५ मध्ये चार जणांच्या कुटुंबाला ओंटारिओत वर्षाला १,१२० डॉलर, तर अल्बर्टात १,८०० डॉलर ठरले होते. संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याच्या हिशेबातही, थेट भरलेला कर आणि परतावा एवढेच पाहिले तर बहुतेक घरे फायद्यात होती.

तरीही योजना फसली. कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण, पैसे लपून आले. सुरुवातीची काही वर्षे ते वार्षिक प्राप्तिकराच्या हिशेबात मिसळून मिळत. २०२२ पासून दर तीन महिन्यांनी थेट खात्यात येऊ लागले, पण पासबुकात नाव धड कळेना. 'कॅनडा कार्बन परतावा' असे स्पष्ट नाव २०२४ मध्ये पडले. पंपावरचा भाव मात्र रोज, मोठ्या अक्षरांत दिसत होता.

दुसरे, सरकारनेच अपवाद केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये घर गरम ठेवण्याच्या तेलावरचा कर तीन वर्षांसाठी थांबवला. हे तेल वापरणारी घरे प्रामुख्याने पूर्वेकडच्या प्रांतांत होती. बाकीचे विचारू लागले, "मग आमचा गॅस का नाही?" एकाला सूट दिली की दुसऱ्याला कर म्हणजे शिक्षा वाटते.

तिसरे, विरोधकांची घोषणा तीन शब्दांची होती: कर रद्द करा. सरकारचे उत्तर आकडेमोडीचे होते. त्यात अर्थसंकल्प अधिकाऱ्याने अर्थव्यवस्थेवरचा परिणाम धरून वेगळा, तोट्याचा हिशेबही मांडला होता. दोन्ही बाजू आपापला आकडा घेऊन भांडत राहिल्या.

शेवटी १४ मार्च २०२५ रोजी, पंतप्रधानपदाची शपथ घेतली त्याच दिवशी मार्क कार्नी यांनी ग्राहकांवरचा हा कर शून्यावर आणला. १ एप्रिलपासून तो बंद झाला. मोठ्या उद्योगांवरचा कार्बन दर मात्र राहिला.

इराण: आधी पैसे, मग भाववाढ

इराणमध्ये कार्बन कर नव्हता, पण इंधनावरची सरकारी सूट काढून तिचे पैसे वाटणे हा जवळचाच प्रकार. डिसेंबर २०१० मध्ये पेट्रोल, डिझेल, वीज, पाव, सगळ्यांचे भाव एका झटक्यात वाढले. रेशनच्या पेट्रोलचा लिटरचा भाव १,००० रियालवरून ४,००० झाला. त्याआधीच माणशी महिना ४,५५,००० रियाल, त्या वेळचे सुमारे ४५ डॉलर, घरोघरच्या खात्यांत जमा झाले होते. ते दिसत होते, पण भाववाढीच्या दिवसापर्यंत काढता येत नव्हते. एवढी मोठी वाढ होऊनही तेव्हा मोठा उद्रेक झाला नाही.

पुढे चूक झाली ती इथे: महागाई वाढत गेली, रक्कम तेवढीच राहिली. काही वर्षांत तिची किंमत नाममात्र उरली. मग नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने एका रात्रीत, पूर्वसूचना न देता पेट्रोल पुन्हा महाग केले. मदत नंतर देऊ, असे सांगितले. लोक रस्त्यावर उतरले. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या नोंदीप्रमाणे त्या दडपशाहीत ३०० हून अधिक माणसे मारली गेली. देश तोच, इंधन तेच. फरक होता तो पैसे आधी मिळण्याचा आणि भरवशाचा.

आपल्याकडे याचा संबंध काय?

भारतात घरांना पैसे परत देणारा कार्बन कर नाही. २०१० पासून कोळशावर उपकर होता, टनामागे ५० रुपयांपासून तो २०१६ मध्ये ४०० रुपयांवर गेला, पण घरी काही आले नाही आणि बहुतेकांना तो ठाऊकही नव्हता. २०२३ मध्ये अधिसूचित झालेली कार्बन क्रेडिट योजनाही उद्योगांपुरतीच आहे.

पण खात्यात येणाऱ्या पैशांचा अनुभव आपल्याला आहे. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये कुणाच्या नावावर, किती आणि कशाचे, हे घराघरांत माहीत आहे. गॅसच्या सबसिडीचे उलट झाले. आधी पूर्ण भाव भरा, फरक खात्यात येईल, असे सांगितले गेले. २०२० नंतर बहुतेक घरांचा तो फरक जवळजवळ बंदच झाला. उद्या कुणी म्हणाले, "इंधन महाग करतो, पैसे परत देतो," तर लोकांना आधी हेच आठवेल.

उद्या असा प्रस्ताव आला तर विचारायचे प्रश्न

- पैसे भाववाढीच्या आधी मिळणार की नंतर?
- रक्कम माणशी की कुटुंबामागे? आठ माणसांच्या एकत्र घराला यातला फरक मोठा पडतो.
- खाते कुणाचे, कर्त्या पुरुषाचे की घरातल्या बाईचे?
- कर वाढला तर परतावा आपोआप वाढेल, हे कायद्यात लिहिले आहे का?
- कुणाला सूट आहे, आणि का?

या प्रश्नांची उत्तरे कायद्यात आधी लिहिलेली असतील, तर पाठिंबा मागायला जागा आहे. नुसत्या आश्वासनावर तो मिळत नाही, आणि मिळाला तरी पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकत नाही.