वेदी आणि ओसरी

मुलाचा स्नानसंस्कार, त्याचा प्रथम ख्रिस्तशरीर-स्वीकार आणि पुढे दृढीकरण, हे तिन्ही संस्कार वेदीपाशी होतात. त्यांचा आनंद मात्र घराच्या ओसरीवर साजरा होतो. वेदीवर काय घडते याविषयी आपल्या धर्मपंडितांनी पुष्कळ लिहिले आहे. ओसरीवर काय घडत आले, कोणी जेवावयास बसले, कोणी दारातूनच परत गेले, आई कोठे होती, मूल उपाशी का होते, याची नोंद फारशी कोणी ठेवली नाही. तरीही श्रद्धा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते ती या दोन्ही जागांतून, असे माझे दीर्घ अनुभवाअंती मत झाले आहे. म्हणून या विस्मृत बाजूचा थोडा मागोवा घ्यावा, असे मनात आले.

माझे बालपण कसबा पेठेत, तांबट आळीजवळच्या एका वाड्यात गेले. कसबा ही पुण्याची मूळ वस्ती. ग्रामदैवत गणपतीचे देऊळ येथे, शेखसल्ल्याचे दर्गे येथे, कुंभारवाडाही येथेच. आमच्या प्रॉटेस्टंट बंधूंचे ब्रदर देशपांडे स्मारक चर्चही याच पेठेत आहे. आम्हा कॅथलिकांची रविवारची वाट मात्र फडके हौद, दारूवाला पूल, रास्ता पेठ अशी क्वार्टर गेटकडे जाई. तेथे नाना पेठेत निष्कलंक मातेचे ख्रिस्तमंदिर आहे, ज्याला पुणेकर 'सिटी चर्च' म्हणून ओळखतात. पेशव्यांच्या फौजेत पोर्तुगीज आणि गोमंतकीय ख्रिस्ती शिपाई होते. त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली आणि १७९२ साली हे मंदिर उभे राहिले. शनिवारवाड्यात राज्य करणाऱ्या सत्तेने आपल्या ख्रिस्ती चाकरांच्या मुलाबाळांच्या संस्कारांसाठी जागा द्यावी, ही घटना पुण्याच्या इतिहासात लहान नव्हे.

हे शिपाई गोव्याकडचे. त्यामुळे पुण्यातील ओसरीची कथाही गोव्यापासूनच सुरू करावी लागते. १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या लक्षात एक गोष्ट आली. नवख्रिस्ती कुटुंबांस प्रार्थना शिकविल्या जात होत्या; पण पूर्वी घराघरांत पुराणे ऐकली जात, ती जागा रिकामी राहिली होती. ती भरून काढण्यासाठी त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' मराठीत रचले. ते १६१६ साली छापले गेले. या इंग्रज जेज्वीट धर्मगुरूस एवढे उमगले होते, की वेदीची भाषा लॅटिन असली तरी घराची भाषा घराचीच असावी लागते.

पुढच्या काळास हे उमगले नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडण्याचा हुकूम काढला. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक विस्तृत फर्मान काढून जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्याशी निगडित अनेक घरगुती चालींवर बंदी घातली. बाळाच्या जन्मानंतरची सहावी रात्र जागविण्याची चालही तिच्यातून सुटली नाही. त्या चालीत सटवाईची भीती होती, हे खरे; परंतु बाळाभोवती नात्यागोत्याने जमावे ही मानवी ओढही होती. फर्मान काढणाऱ्यांनी दोहोंत भेद केला नाही. वेदीने ओसरीवर अविश्वास दाखविला, असे त्या काळाचे वर्णन करता येईल. इन्क्विझिशन १८१२ साली संपले. तिने निर्माण केलेला संकोच मात्र पुढेही कित्येक पिढ्या घराघरांत रेंगाळत राहिला.

आता स्नानसंस्काराकडे वळू. आपल्या आजी-पणजींच्या काळात बाळाचा स्नानसंस्कार जन्मानंतर अगदी थोड्या दिवसांत होई. अर्भकमृत्यू सर्रास होत असल्याने विलंब करण्यास कोणी धजत नसे, आणि १९१७ च्या धर्मनियमसंहितेतही शक्य तितक्या लवकर हा संस्कार करावा असे बजावलेले होते. याचा एक परिणाम आज ऐकणाऱ्यास नवल वाटावे असा आहे: बहुतेक मातांनी आपल्या मुलांचा स्नानसंस्कार पाहिलाच नाही. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नसे. बाळ धर्ममातेच्या हातून मंदिरात जाई आणि तिच्याच हातून घरी परत येई. माझी आजी सांगे, की आपल्या पाच मुलांपैकी एकाच्याही मस्तकावर पाणी पडताना तिने पाहिले नव्हते. म्हणून ती बाळ परत आल्यावर उंबऱ्यातच त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण करी. पुढे महिन्या-दीड महिन्याने पाळणा बांधून, शेजारणींस बोलावून ती त्याचे नाव पुन्हा एकदा सर्वांसमक्ष घेई. हा संस्कार नव्हे, हे तिला पक्के ठाऊक होते. पण मंदिरात न मिळालेली जागा तिने घरात मिळविली होती.

ही उणीव दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दूर केली. १९६३ सालच्या उपासनाविषयक संविधानात बालकांच्या स्नानसंस्काराचा विधी सुधारावा आणि त्यात आईवडिलांचे स्थान व कर्तव्य स्पष्ट व्हावे, असे म्हटले होते. त्यानुसार १९६९ साली नवा विधी प्रसिद्ध झाला. त्यात धर्मगुरू प्रथम आईवडिलांशी बोलतात, मुलासाठी काय मागता असे त्यांना विचारतात, आणि माता उपस्थित राहू शकेल अशा बेताने दिवस ठरवावा असेही त्यात सुचविले आहे. आमच्या घरात स्वतःच्या मुलाचा स्नानसंस्कार पाहणारी पहिली माता माझी ताई. त्या दिवशी मंदिरात सर्वांत अधिक रडली ती मात्र आजी.

प्रथम ख्रिस्तशरीर-स्वीकाराचा इतिहास याहून वळणावळणाचा आहे. प्रारंभीच्या शतकांत बाळांनाही स्नानसंस्काराबरोबरच ख्रिस्तप्रसाद मिळे. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभांत तो आजही मिळतो. पाश्चात्त्य ख्रिस्तसभेत ही प्रथा हळूहळू मागे पडली. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने विवेकाचे वय झालेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे व पास्काच्या काळात ख्रिस्तशरीर स्वीकारावे, असा नियम घालून दिला. परंतु विवेकाचे वय कोणते यावर मतभेद राहिले आणि ठिकठिकाणी मुलांस दहा, बारा, प्रसंगी चौदा वर्षे थांबावे लागे. ८ ऑगस्ट १९१० रोजी दहावे पायस यांच्या आज्ञेने निघालेल्या आदेशाने हा प्रश्न निकालात काढला. सुमारे सातव्या वर्षी मूल साध्या भाकरीत आणि ख्रिस्तशरीरात फरक ओळखू लागले, की तेवढे पुरे.

या आदेशातील एक कलम आपण सहसा विसरतो. मूल तयार आहे की नाही, हे ठरविण्याची जबाबदारी त्यात प्रथम वडिलांवर अथवा त्यांच्या जागी असणाऱ्यांवर आणि मुलाचे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंवर टाकली आहे. म्हणजे परीक्षेचे पहिले स्थान घर. त्या वेळी पुणे धर्मप्रांताचे बिशप होते हेन्री डोरिंग. मराठी कॅथलिक कुटुंबांच्या हाती त्यांच्याच भाषेतले नियतकालिक असावे, या हेतूने त्यांनीच १९०३ साली नगर भागात 'निरोप्या' सुरू केले होते. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून पोटापाण्यासाठी पुण्यास आलेली आमच्यासारखी घरे वेदीवर लॅटिन ऐकत आणि घरी कंदिलाच्या उजेडात मराठीत जपमाळ म्हणत. मला 'आमच्या स्वर्गातील बापा' शिकविले ते वडिलांनी. धर्मशिक्षणाच्या वर्गात फक्त त्याची उजळणी झाली.

आता उपवासाविषयी. ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्याने मध्यरात्रीपासून अन्नपाणी घेऊ नये, असा जुना नियम होता. ताईचा सोहळा १९५१ साली झाला. आदल्या रात्री आईने पाण्याचा माठ झाकून वर पाट ठेवला. मुलगी झोपेत उठून चुकून पाणी प्याली तर सारा बेतच फसावयाचा! पहाटेच्या मिस्सानंतर ताई तांबट आळीपर्यंत पायी आली ती चक्कर येण्याच्या बेतात. म्हणून घरची न्याहारी हाच त्या दिवसाचा खरा भोजनसमारंभ असे. पुढे बाराव्या पायस यांनी १९५३ साली पाण्याची मुभा दिली, सायंकाळच्या मिस्साची वाट मोकळी केली आणि १९५७ साली उपवास तीन तासांवर आणला. माझा सोहळा १९५८ सालचा. मी पाणी पिऊन गेलो, आणि ताईने ते मला अजून माफ केलेले नाही. १९६४ साली हा उपवास एका तासावर आला. या सवलतींमागे कामकरी माणसांविषयीची करुणा होती. पण त्यांनी नकळत आणखी एक बदल घडविला. सकाळच्या मिस्सास बांधलेली न्याहारी घरीच होणे भाग होते. संस्कार सायंकाळी होऊ लागल्यावर समारंभास घराची गरज उरली नाही. भाड्याच्या सभागृहाचा मार्ग तेथून निघाला.

ओसरीवर आणखी एक प्रश्न उभा असे, शेजाऱ्यांचा. आमच्या वाड्यात ख्रिस्ती घर एकच. पुण्यात ख्रिस्ती घरचे अन्न ही किती मोठी बाब होती, हे १८९० सालच्या पंचहौद मिशनच्या चहाप्रकरणावरून सर्वांस ठाऊक आहे. गुरुवार पेठेतील त्या अँग्लिकन मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींपुढे चहा आला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापविली, आणि प्रकरण शंकराचार्यांच्या चौकशीपर्यंत व प्रायश्चित्तापर्यंत गेले. एका पेल्याने शहर ढवळून निघाले.

त्यास साठ वर्षे लोटली तरी ताईच्या सोहळ्याच्या वेळी आमच्या आईने शेजारी शिजविलेले अन्न पाठविले नाही. सुपात तांदूळ, डाळ, गूळ आणि नारळ असा कोरडा शिधा पाठविला. कोणी बोलले नाही, कोणास वाईट वाटले नाही; तो रिवाजच होता. सात वर्षांनी माझ्या वेळी आई शिध्याची सुपे भरीत असताना शेजारच्या काकू स्वतःहून आत आल्या, चुलीपाशी बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, आज शिधा नको. पोराच्या नावाने चहा टाका." तो चहा त्यांनी आमच्या कपातून घेतला. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. त्यातले मोठेपण मला कळले नाही. आईने मात्र तो कप पुढे कित्येक वर्षे फडताळात वेगळा ठेवला होता. १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर वाड्यात गाळ साचला, तेव्हा तो गेला.

वेदीच्या भोजनास श्रद्धेची मर्यादा आहे आणि ती योग्यच आहे. ओसरीच्या भोजनास तशी मर्यादा नसते. आत जे मिळाले त्याचा आनंद बाहेर सर्वांना वाटता यावा, यासाठीच ती आहे. परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात कुटुंबास जणू घरगुती ख्रिस्तसभा म्हटले आणि आईवडिलांस मुलांचे पहिले सुवार्तिक ठरविले, तेव्हा आमच्या आजी-आईने जे न शिकता केले त्यालाच अधिकृत नाव मिळाले, असे मला वाटते.

गेल्या वर्षी नातीचा प्रथम ख्रिस्तशरीर-स्वीकार झाला. ख्रिस्तयाग मराठीत, सुरेख झाला. तिची आई जवळच उभी होती. सायंकाळी एका सभागृहात दोनशे माणसे जेवली. छायाचित्रकाराने मुलीस तीनदा गुडघे टेकावयास लावले. जेवण उत्तम होते, पण ते कोणी रांधले हे कोणालाच ठाऊक नव्हते. घरी परतल्यावर मी तिला विचारले, "बाळ, आज काय झालं?" ती म्हणाली, "आजोबा, पार्टी झाली." मुलीचा दोष नाही. तिने जे सर्वांत अधिक पाहिले तेच सांगितले.

जुने सारे चांगले आणि नवे सारे वाईट, असे या इतिहासातून निघत नाही. मातेस वेदीपाशी स्थान मिळाले, मुलास सातव्या वर्षी ख्रिस्तशरीर मिळाले, वेदीस आपली भाषा मिळाली. हे सारे नवे आणि हे सारे कमाईचे. पूर्वी वेदी दूर होती, म्हणून घराने श्रद्धेचा भार उचलला. आज वेदी जवळ आली आहे आणि भार उतरला असे समजून घर सुस्तावले आहे, एवढेच माझे म्हणणे. सभागृह घ्यावयाचे तर खुशाल घ्यावे. परंतु आदल्या रात्री वडिलांनी मुलाजवळ बसून प्रार्थना म्हणावी, परत आल्यावर उंबऱ्यात त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण करावी, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी मुलाच्याच हाती काहीतरी गोड पाठवावे. यास खर्च येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी नातीस घेऊन कसब्यात गेलो. आमचा वाडा आता नाही. तेथे उंच इमारत आहे. काकूंचा मुलगा जवळच राहतो. तिने त्याच्या हाती लाडवांचा डबा दिला. त्याने विचारले, "कशाचे गं हे?" नातीने माझ्याकडे पाहिले, क्षणभर थांबली, आणि मग तिने त्याला सारे सांगितले.