गोल्फमधील फटक्याची वाढती लांबी
व्यावसायिक गोल्फमध्ये टीवरून मारलेल्या पहिल्या फटक्याचे (ड्राइव्ह) अंतर सातत्याने वाढले आहे. अमेरिकेच्या पीजीए टूरवर ते १९८० मध्ये सरासरी सुमारे २५७ यार्ड होते; २०२३ मध्ये सुमारे ३०० यार्ड झाले. याला बदललेली साधने कारणीभूत ठरली. लाकडी ड्रायव्हरऐवजी (पहिल्या फटक्याचा क्लब, म्हणजे काठी) पोकळ टायटॅनियमचा मोठा ड्रायव्हर आला. २००० नंतर रबरी धागा गुंडाळलेला चेंडू मागे पडून भरीव गाभ्याचा बहुस्तरीय चेंडू रूढ झाला. परिणामी दुसरा फटका आखूड झाला व मैदाने लांबवावी लागली. अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल या गोल्फ मैदानाचे तेरावे होल २०२३ मध्ये ३५ यार्डांनी वाढून ५४५ यार्डांचे झाले. त्याच वर्षी आर अँड ए व यूएसजीए या गोल्फच्या नियामक संस्थांनी चेंडूच्या अंतरचाचणीतील क्लबचा वेग ताशी १२० वरून १२५ मैल करण्याचे जाहीर केले. कमाल अंतराची मर्यादा मात्र कायम ठेवली; म्हणजे जास्त वेगानेही ती न ओलांडणारा, कमी अंतर जाणारा चेंडू बनवावा लागेल.