परदेशी पाठवलेलं पार्सल अडकलं किंवा हरवलं, तर विक्रेत्याने काय करायचं?

२०२५ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. त्याच्या बरोबर दोन दिवस आधी, २५ ऑगस्टपासून, भारतीय टपाल खात्याने अमेरिकेला जाणाऱ्या बहुतेक सगळ्या टपालाचं बुकिंग थांबवलं. सुरुवातीला पत्रं, कागदपत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू यांना सूट होती. ऑगस्ट संपता संपता तीही गेली. बुकिंग पुन्हा सुरू झालं ते १५ ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा.

पेणच्या कारखानदारांच्या मोठ्या ऑर्डरी समुद्रमार्गे काही महिने आधीच निघालेल्या असतात. खरी अडचण झाली ती लहान विक्रेत्यांची. पनवेल, पेण, नवी मुंबई या पट्ट्यात कुणी घरून फराळ पाठवतं, कुणी कुर्ते, कुणी हाताने केलेले दागिने. अशा विक्रेत्याचं एक पार्सल गायब झालं, तर चार पार्सलांचा नफा जातो.

एवढी मोठी बंदी रोज येत नाही. पण एखादं पार्सल तीन आठवडे जागचं न हलणं ही नेहमीची गोष्ट आहे. अशा वेळी काय करायचं, कुणाला विचारायचं आणि किती दिवसांत, ते समजून घेऊ.

२०२५ मध्ये नेमकं काय झालं होतं?

अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला आयातशुल्क लागत नव्हतं. ही सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. आता प्रत्येक पार्सलवर शुल्क लागणार होतं, पण टपालाने येणाऱ्या पार्सलवर ते कुणी गोळा करायचं आणि अमेरिकेकडे कसं भरायचं, याची व्यवस्था तयार नव्हती. त्यामुळे विमान कंपन्यांनी हे टपाल घ्यायला नकार दिला. जे बुक झालं होतं पण पोहोचू शकणार नव्हतं, त्याचा टपालखर्च परत मागण्याची मुभा खात्याने दिली.

ऑक्टोबरमध्ये सेवा सुरू झाली तेव्हा पद्धत बदललेली होती. शुल्क बुकिंगच्या वेळी इथेच भरायचं, म्हणजे तिकडे ग्राहकाकडे कुणी पैसे मागत नाही. तेव्हा हा दर जाहीर केलेल्या किमतीच्या ५० टक्के होता. असे दर बदलत राहतात. म्हणून ऑर्डर घेताना जुन्या पोस्टवर विसंबू नका, बुकिंगच्या दिवशीचा दर टपाल कार्यालयात विचारा.

पार्सल पनवेलहून निघाल्यावर कुठे कुठे थांबतं?

साधारण पाच टप्पे असतात. पनवेलमध्ये बुकिंग, मुंबईत परदेशी टपालाची छाननी आणि आपल्या कस्टमची तपासणी, मग विमान, त्या देशातलं छाननी केंद्र आणि तिथलं कस्टम, आणि शेवटी स्थानिक पोस्टमन.

मुंबईहून पार्सल निघालं की भारतीय टपाल खात्याचं काम बरंचसं संपतं. अमेरिकेत ते यूएसपीएसकडे जातं, ब्रिटनमध्ये रॉयल मेल किंवा पार्सलफोर्सकडे, जर्मनीत डीएचएलकडे. त्यामुळे भारतीय साइटवर काहीच हलत नसेल, तर तोच नंबर त्या देशाच्या टपाल साइटवर टाकून बघा. अनेकदा पुढची नोंद तिथे सापडते.

ट्रॅकिंग नंबर काय सांगतो?

आंतरराष्ट्रीय टपालाचा नंबर १३ खुणांचा असतो. आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे आणि शेवटी देशाची दोन अक्षरं. भारतासाठी ती ‘आयएन’. पहिल्या अक्षरावरून सेवा कळते. ‘ई’ म्हणजे आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट, ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड, ‘सी’ म्हणजे पार्सल, ‘एल’ म्हणजे ट्रॅक होणारं छोटं पॅकेट. नऊ आकड्यांतला शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. म्हणून एक आकडा जरी चुकला, तरी बहुतेक वेळा साइट तो नंबर स्वीकारत नाही. ग्राहकाला नंबर हाताने टाइप करून पाठवू नका, पावतीचा फोटो पाठवा.

उशीर झालाय की हरवलंय?

शेवटची नोंद कोणती आहे, त्यावर उत्तर ठरतं.

• मुंबईतून निघाल्याची नोंद आहे आणि पुढे शांतता. पार्सल विमानाची वाट बघत असू शकतं, किंवा तिकडच्या केंद्रात अजून स्कॅन झालेलं नसतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नाताळच्या गर्दीत हे हमखास होतं.

• कस्टमने रोखल्याची नोंद आहे. पार्सल हरवलेलं नाही. कागद अपुरे आहेत, शुल्क बाकी आहे किंवा वस्तूबद्दल शंका आहे. इथे बहुतेक वेळा ग्राहकालाच तिकडच्या टपाल कार्यालयाशी बोलावं लागतं. त्याला लगेच कळवा, कारण तिथली नोटीस त्याच्या पत्त्यावर जाते आणि ती कचऱ्यातही जाऊ शकते.

• पोहोचवण्याचा प्रयत्न झाला, पण कुणी भेटलं नाही. पार्सल जवळच्या टपाल कार्यालयात ठरावीक दिवसच थांबतं. त्यानंतर परतीचा प्रवास सुरू होतो.

• पोहोचल्याची नोंद आहे, पण ग्राहक म्हणतो मिळालं नाही. आधी त्याला शेजारी, इमारतीचं कार्यालय आणि घरातली माणसं यांच्याकडे विचारायला सांगा. मग त्याने स्थानिक टपाल कार्यालयात तक्रार करावी आणि तुम्ही इथून चौकशी सुरू करावी.

चौकशी कोण करू शकतं?

इथे बरेच विक्रेते चुकतात. ते ग्राहकाला सांगतात, ‘तुमच्या पोस्टात विचारा’. तिकडचं पोस्ट सांगतं, ‘पाठवणाऱ्याला विचारायला सांगा’. आणि महिना निघून जातो.

जागतिक टपाल संघटना १८७४ पासून आहे, तिचं मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात आहे. देशादेशांमधलं टपाल तिच्या नियमांनी चालतं. पार्सल गहाळ झालं तर चौकशी सहसा पाठवणाऱ्याने, आपल्या देशाच्या टपाल खात्याकडे करायची, अशी ही पद्धत आहे. मुदत आहे सहा महिने, पार्सल पोस्टात दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून. ही मुदत गेली की भरपाईचा मुद्दाच संपतो.

तक्रार तीन मार्गांनी करता येते. टपाल खात्याच्या वेबसाइटवर, १८०० २६६ ६८६८ या टोल फ्री क्रमांकावर, किंवा जिथून बुकिंग केलं त्या टपाल कार्यालयात लेखी. लेखी दिलंत तर प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. उत्तर मिळत नसेल तर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, म्हणजे सीपीग्राम्सवर, आधीचा तक्रार क्रमांक देऊन पुढे जाता येतं.

भरपाई किती मिळते?

अपेक्षेपेक्षा कमी. रजिस्टर्ड, पार्सल आणि विमा उतरवलेलं टपाल यांना भरपाईची तरतूद आहे, साध्या टपालाला नाही. विमा नसेल तर रकमेला ठरलेली मर्यादा असते. नफा बुडाला, ग्राहक तुटला, सण निघून गेला, यांचा हिशोब त्यात धरला जात नाही. कस्टमने जप्त केलेला माल, मनाई असलेली वस्तू किंवा नैसर्गिक आपत्ती असेल तर जबाबदारी नसते.

भारतातला कायदाही बदलला आहे. १८९८ च्या कायद्याच्या जागी टपाल कार्यालय कायदा, २०२३ आला आणि तो १८ जून २०२४ पासून लागू आहे. नियमांत जेवढी जबाबदारी सांगितली आहे, तेवढीच खात्यावर येते, असं त्यातही म्हटलं आहे. म्हणून महाग वस्तू पाठवताना विम्याचं आधी विचारा. हरवल्यानंतर विमा निघत नाही.

खासगी कुरिअरने पाठवलं असेल तर?

तिथे टपाल संघटनेचे नियम लागत नाहीत. विमानाने जाणाऱ्या मालासाठी १९९९ चा मॉन्ट्रियल करार आहे आणि भारत त्यात सामील आहे. त्यानुसार माल खराब मिळाला तर १४ दिवसांत आणि उशिरा मिळाला तर २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. हे दिवस माल हातात आल्यापासून मोजतात. जबाबदारीची मर्यादा वजनावर असते. २८ डिसेंबर २०२४ पासून ती किलोमागे २६ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक आहे. अर्ध्या किलोच्या पार्सलला ही मर्यादा साधारण दीड हजार रुपयांच्या आसपास येते, आत दहा हजारांचा दागिना असला तरी. कंपनीच्या स्वतःच्या अटीही असतात, त्या पावतीच्या मागे किंवा वेबसाइटवर वाचा.

ग्राहकाची मुदत वेगळी धावते

तुमच्याकडे चौकशीसाठी सहा महिने आहेत, पण ग्राहक तेवढा थांबणार नाही आणि त्याला थांबण्याची गरजही नाही. पेपालवर पैसे दिल्यापासून १८० दिवसांपर्यंत तो वाद नोंदवू शकतो. ईबेवर ‘वस्तू मिळाली नाही’ ही तक्रार अंदाजे पोहोचण्याच्या तारखेनंतर ३० दिवसांपर्यंत करता येते. ती आली की विक्रेत्याकडे उत्तरासाठी कामाचे तीनच दिवस असतात. कार्डाने पैसे दिले असतील तर तो बँकेकडे जाऊन रक्कम परत मागू शकतो.

अशा वादात विक्रेत्याच्या बाजूने एकच गोष्ट बोलते. ती म्हणजे, ऑर्डरमधल्या पत्त्यावर पार्सल पोहोचल्याची ट्रॅकिंग नोंद. म्हणून ग्राहकाने मेसेजवर पत्ता बदलायला सांगितला, तर ऑर्डर रद्द करून नव्या पत्त्याने पुन्हा घ्या. थोडे पैसे वाचवायला साध्या टपालाने पाठवलं, तर वाद उद्भवल्यावर दाखवायला काही उरत नाही.

ग्राहकाला काय कळवायचं?

गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं. ग्राहकाने विचारण्याआधी तुम्हीच लिहा. मेसेज असा असू शकतो:

‘नमस्कार. तुमचं पार्सल ३ तारखेला पनवेलहून निघालं आणि ७ तारखेला मुंबईतून पुढे गेलं. त्यानंतर नोंद आलेली नाही. पावतीचा फोटो सोबत आहे. २० तारखेपर्यंत हालचाल दिसली नाही, तर मी टपाल खात्यात चौकशी नोंदवेन आणि तक्रार क्रमांक तुम्हाला पाठवेन. पैसे परत हवेत की दुसरं पार्सल, ते तेव्हा ठरवू.’

यात तारीख आहे, पुरावा आहे आणि पुढचं पाऊल आहे. ‘दोन दिवसांत पोहोचेल’ असं मात्र लिहू नका. ते तुमच्या हातात नाही. आणि वाद नोंदवण्याची मुदत संपेपर्यंत ग्राहकाला झुलवत ठेवू नका. मुदत तुमच्या बाजूने संपली, तरी त्याचा रिव्ह्यू कायम राहतो.

पार्सल परत आलं किंवा पैसे परत केले तर?

सीएन २३ या कस्टम फॉर्मवर एक रकाना असतो. पार्सल देता आलं नाही तर परत पाठवायचं की सोडून द्यायचं, हे तिथे विचारलेलं असतं. घाईत तो न बघताच सही होते. फराळासारख्या वस्तूला परत येण्यात अर्थ नाही, साडीला आहे. खूण विचार करून करा.

परत आलेल्या मालावर आपल्याकडे आयातशुल्क लागू नये म्हणून कस्टमची २०१७ ची सवलत आहे. साधारणपणे निर्यातीपासून तीन वर्षांत तोच माल परत आला, तर ती मिळते. पण हा माल तुम्हीच पाठवला होता हे सिद्ध करावं लागतं आणि निर्यातीवर घेतलेले करलाभ परत करावे लागतात. ग्राहकाला पैसे परत केले असतील, तर तुमच्या बँकेलाही कागदांसह कळवा. निर्यातीचे पैसे ठरलेल्या मुदतीत आले का, याचा हिशोब बँक ठेवत असते.

पुढच्या पार्सलच्या वेळी काय जपायचं?

बुकिंगच्या दिवशी जे कागद तुमच्या हातात असतात, त्यांवरच वरचं सगळं चालतं. ते असे:

१. निर्यातीचा परवाना क्रमांक, म्हणजे आयईसी. त्याचं सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो ऑनलाइन अद्ययावत करावा लागतो.

२. पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्टची प्रत. हा टपालाने केलेल्या निर्यातीचा कागद. २०२२ पासून देशभरात सुरू झालेल्या हजाराहून अधिक डाक घर निर्यात केंद्रांमध्ये तो ऑनलाइन भरता येतो. तुमचं जवळचं केंद्र कोणतं, ते मुख्य टपाल कार्यालयात विचारा.

३. बिल, बुकिंगची पावती आणि तोललेलं वजन.

४. पार्सल बंद करण्याआधी आतल्या वस्तूंचा आणि बंद केल्यावर पत्त्याचा फोटो.

५. वस्तूचं नेमकं वर्णन. ‘गिफ्ट’ किंवा ‘कपडे’ लिहिलं की कस्टम थांबवतं. ‘सुती कुर्ता, १ नग’ आणि सोबत एचएस कोड लिहिला की शंका कमी होते. किंमत खरी लिहा. कमी लिहिली तर हरवल्यावर तेवढीच मागता येते.

यासोबत मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक पार्सलसाठी तीन तारखा टाका. ग्राहकाला सांगितलेली पोहोचण्याची तारीख, ग्राहकाला वाद नोंदवता येण्याची शेवटची तारीख, आणि टपाल चौकशीची सहा महिन्यांची मुदत. दिवाळीचं पार्सल ऑक्टोबरमध्ये पोस्टात दिलं, तर ही शेवटची तारीख एप्रिलमध्ये येते. तोवर सण विसरलेला असतो, पण भरपाई मागता येते ती तोपर्यंतच.