राजाचं टेबल आणि ते घडवणारे हात

फ्रेंच राज्यक्रांती म्हटलं की बास्तीयचा तुरुंग आणि गिलोटिन आठवतं. आज हाच काळ आपण एका लिहिण्याच्या टेबलाकडून बघू या.

१७६० मध्ये लुई पंधराव्याच्या व्हर्सायमधल्या खाजगी कार्यालयासाठी हे टेबल बनवायला सांगितलं गेलं. काम मिळालं ज्याँ-फ्रांस्वा ओबेन या कारागिराला. टेबल पूर्ण झालं १७६९ मध्ये. म्हणजे नऊ वर्षं! खर्च ६२,००० लीव्रांहून जास्त.

एवढं काय होतं त्यात? वर गोलाकार झाकण. किल्ली थोडी फिरवली की झाकण उघडायचं आणि खणांची कुलपंही त्याच किल्लीच्या ताब्यात. राजाचे गुप्त कागद आत राहायचे, आणि नोकराला झाकण न उघडता बाहेरूनच शाई भरता यायची. लाकडावर मार्केट्रीचं काम आहे. म्हणजे निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे पातळ पापुद्रे कापून चित्रासारखे जुळवायचे आणि चिकटवायचे. आजचे आपले सुतार ज्याला व्हिनिअर म्हणतात, त्याच जातीचं, पण फार नाजूक.

आता हे एकट्या माणसाचं काम नव्हतं. पॅरिसमध्ये प्रत्येक धंद्याचा स्वतंत्र संघ होता, म्हणजे गिल्ड. लाकूडकाम एका गिल्डचं, तर ब्राँझ ओतणं आणि त्यावर मुलामा चढवणं दुसऱ्यांचं. या टेबलाच्या ब्राँझचे नमुने द्युप्लेसीने केले, ओतकाम एर्व्हियोने. सोन्याचा मुलामा चढवायचा तर सोनं पाऱ्यात मिसळून लावायचं आणि तापवून पारा उडवायचा. ती वाफ विषारी असते. राजवाड्यातली झळाळी म्हणजे कुणाच्या तरी छातीत गेलेला पारा, हे लक्षात ठेवा.

ओबेन १७६३ मध्ये वारला, टेबल अर्धवटच होतं. गिल्डच्या नियमाप्रमाणे विधवेला नवऱ्याचा कारखाना चालवता येत असे. तो तिने चालवला, त्याच्याच शिक्क्याने. कारखान्यात ज्याँ-आंरी रीसनेर नावाचा कारागीर होता. जन्म १७३४, जर्मनीतल्या ग्लाडबेक गावचा. १७६७ मध्ये या दोघांनी लग्न केलं आणि पुढच्या वर्षी रीसनेर गिल्डचा उस्ताद झाला. टेबलावर लाकडातच जडवलेली सही आहे, ती त्याची. ओबेनचं नाव त्या सहीत नाही.

१७७४ मध्ये रीसनेर राजघराण्याचा अधिकृत कारागीर झाला आणि दहा वर्षं दरबाराचं मोठं काम त्याच्याकडेच राहिलं. मग तिजोरी आटली. १७८४ नंतर स्वस्तात काम करणाऱ्यांना पसंती मिळू लागली. राणी मारी आंत्वानेतने मात्र त्याला सोडलं नाही.

पुढे क्रांती झाली. १७९१ मध्ये गिल्ड रद्द झाले. ऑगस्ट १७९३ पासून व्हर्सायमधल्या सामानाचा लिलाव सुरू झाला, तो जवळजवळ वर्षभर चालला. १७,००० हून जास्त वस्तूगट! परदेशी नेणाऱ्यांना जकात माफ. सरकारला पैसा हवा होता. रीसनेरने आपलंच फर्निचर या लिलावांत परत विकत घेतलं. पुन्हा विकू, असा हिशेब. पण घेणार कोण? जुने सरदार पळालेले, नाहीतर मारले गेलेले.

१७९४ मध्ये त्याला सरकारी काम मिळालं, तेही कसलं? राजेशाहीची चिन्हं फर्निचरवरून काढायची! स्वतः बसवलेली राजचिन्हं स्वतःच उपटायची. राजाचं ते टेबलही यातून सुटलं नाही. राजाच्या चेहऱ्याच्या जागी मिनर्व्हा देवीचं डोकं आलं, राजाच्या अद्याक्षरांच्या जागी सेव्हरच्या चिनीमातीच्या चकत्या.

काही जण म्हणतात, क्रांतीने ही कला मारली. मला हे अर्धंच खरं वाटतं. हात तेच होते, हत्यारं तीच होती, गेलं ते गिऱ्हाईक. एका टेबलासाठी नऊ वर्षं थांबणारं गिऱ्हाईक फक्त राजाच असू शकतो, आणि तो थांबतो ते रयतेच्या कराच्या जोरावर. उपाशी पॅरिसला हे टेबल सुंदर दिसलं नाही, याचं नवल वाटू नये. पण कारागिराची बाजूही विसरू नका. करही त्याने लावला नव्हता आणि चैनही त्याची नव्हती. तरी दोन्हीची किंमत त्याने मोजली.

पुढे नेपोलियनला रीसनेरचं एक दागिन्यांचं कपाट देऊ केलं गेलं, त्याने नाकारलं. त्याला नवीन बनवून हवं होतं. तेच कपाट १८२५ मध्ये इंग्लंडच्या चौथ्या जॉर्जने घेतलं. एका दरबाराने टाकलेलं दुसऱ्याने सजवलं. म्हणून रीसनेरचं उत्तम काम बघायचं तर आज व्हर्सायइतकंच लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्येही जावं लागतं.

रीसनेर १८०६ मध्ये पॅरिसमध्ये वारला. राजाचं टेबल आज पुन्हा व्हर्सायमध्ये आहे. मिनर्व्हा अजून त्यावर आहे. संग्रहालयात अशी वस्तू दिसली तर ती कुणाची होती हे पाटीवर असतंच. ती कुणी केली आणि त्याचं पुढे काय झालं, एवढं तेवढं विचारा.