भिंग किती दूर बसवायचे?

१/ नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. 'राजा हरिश्चंद्र'नंतर त्यांनी नाशिकला चित्रशाळा थाटली. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी मात्र कॅमेरा स्वतःच घडवला.

२/ कॅमेरा घडवणाऱ्यापुढे एक प्रश्न अटळ असतो: भिंग फिल्मपासून नेमके किती दूर बसवावे? मिलिमीटरच्या काही शतांशांची चूकही प्रतिमा धूसर करू शकते.

३/ लेन्स माउंट हे अंतर कायमचे ठरवून देतो. १९५९ च्या निकॉन एफमध्ये माउंटपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी आहे, कारण मध्ये हलता आरसा मावायला हवा. या अडसरामुळे वाइड-अँगल भिंगांची रचना गुंतागुंतीची झाली.

४/ २०१८ च्या निकॉन झेडमधून आरसा गेला आणि अंतर १६ मिमीवर आले. उरलेले ३०.५ मिमी अ‍ॅडॅप्टरची पोकळ नळी भरून काढते. म्हणून एफची जुनी भिंगे झेडवर चालतात. झेडचे भिंग एफवर लावल्यास मात्र दूरचे दृश्य स्पष्ट होत नाही, कारण नळी अंतर वाढवते, घटवू शकत नाही.

५/ म्हणून जुना कॅमेरा निकामी झाला, तरी त्याचे भिंग भंगारात जाऊ नये. त्याचे अंतर ठाऊक असेल, तर ते पुन्हा पाहू लागते.