रकाना कुणी जोडला?

सोलापुरात १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीचा इतिहास लिहायचा तर अहवाल, ताळेबंद, हजेरीपुस्तके धुंडाळावी लागतात. आजच्या चादर-टॉवेलच्या कारखान्याचा इतिहास लिहिणाऱ्याला डेटाबेसही वाचता आला पाहिजे. त्यात विक्रीच्या आकड्यांपेक्षा मोलाचे असतात ते कारखान्याने सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच्या सोयीसाठी केलेले फेरफार. मालकाला नेमका कशाचा हिशेब हवा होता, हे त्यांतून कळते.

ऋषभ मेहता यांनी मुंबईत उभी केलेली, उद्योगाचा कारभार सांभाळणारी ईआरपीनेक्स्ट ही प्रणाली घेऊ. ती मुक्तस्रोत असल्यामुळे तिची रचना कुणालाही तपासता येते. मूळ फॉर्मची व्याख्या ‘डॉकटाइप’च्या तक्त्यात असते, कारखान्यातच तयार केलेल्या फॉर्मपुढे ‘कस्टम’ची खूण असते. तयार फॉर्ममध्ये वाढवलेला रकाना ‘कस्टम फील्ड’मध्ये नोंदला जातो. मूळचा रकाना लपवला, सक्तीचा केला, त्याचे नाव बदलले, तर ती नोंद ‘प्रॉपर्टी सेटर’मध्ये मिळते. प्रत्येक नोंदीवर ती कुणी केली, कधी केली, शेवटचा हात कुणी लावला हे लिहिलेले असते. जुन्या दप्तरातला निम्मा कागद बिनतारखेचा असतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या तारखांची किंमत कळेल.

पण सही दिसली म्हणून कर्ता सापडला असे होत नाही. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ या नावाने सॉफ्टवेअर स्वतःही रकाने घालते. जीएसटीचे कितीतरी रकाने भारतासाठीच्या तयार जोडणीतून आपोआप येतात. त्यांवरून कारखान्याच्या मनातले काही सिद्ध होत नाही. नव्या आवृत्त्यांत अशा नोंदींवर ‘सिस्टमने निर्माण केलेले’ अशी खूण असते. जुन्या आवृत्तीत मात्र ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

खरी परीक्षा असते पुसलेल्या रकान्याची. समजा, विक्रीच्या तक्त्यात ‘डझनाचे वजन’ असा स्तंभ आहे, पण फॉर्मवर तो दिसत नाही आणि ‘कस्टम फील्ड’मध्येही त्याची नोंद नाही. या प्रणालीत रकाना काढला तरी डेटाबेसमधला स्तंभ आपोआप जात नाही. वेगळी आज्ञा देऊन तो छाटावा लागतो. तेव्हा तो रकाना एके काळी होता, असे धरायला सबळ आधार मिळतो. मग ‘डिलीटेड डॉक्युमेंट’ पाहावे. पुसलेली नोंद तिथे सापडली तर कुणी आणि कधी काढली तेही कळते. ज्या शेवटच्या बिलात वजन भरलेले आहे, त्याच्या तारखेवरून वापर कधीपर्यंत चालला याचा अंदाज बांधता येतो. अंदाजच, कारण आकड्यांच्या स्तंभात न भरलेल्या जागीही शून्यच पडते. शून्य म्हणजे ‘वजन केले नाही’ की ‘लिहिले नाही’, हे तो स्तंभ सांगत नाही. डेटाबेसमध्ये थेट हात घालून केलेला बदल तर कसलीच नोंद न ठेवता होऊ शकतो.

‘का’ या प्रश्नाचे उत्तर इथे मिळत नाही. टॉवेल वजनावर विकणे थांबले, की जॉबवर्कवाल्याशी वाद मिटला, की नव्या हिशेबनिसाला तो रकाना नकोसा झाला? त्यासाठी त्या महिन्यांतले ऑर्डरचे कागद, पत्रव्यवहार आणि कामगारांच्या आठवणी शोधाव्या लागतील. या पायरीवर उतावीळ होऊन तर्काला पुराव्याची जागा दिली, तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. माझ्या मते या साधनांचा सर्वांत मोठा धोका हाच आहे: तारखा इतक्या नेमक्या असतात की त्यांच्या आधाराने सांगितलेली कारणेही नेमकी वाटू लागतात.

सोलापुरातल्या कारखानदारांना आणि त्यांचे संगणक सांभाळणाऱ्यांना विनंती आहे. नव्या प्रणालीकडे जाताना जुनी जागा मोकळी करण्याआधी ‘कस्टम फील्ड’, ‘प्रॉपर्टी सेटर’, कस्टम फॉर्म, स्क्रिप्ट आणि पुसलेल्या नोंदी यांची एक प्रत काढून ठेवा, आणि प्रत्येक रकाना कशासाठी होता ते एका ओळीत लिहून ठेवा. ज्यांनी ते रकाने घातले ती माणसे अजून भेटतात तोवरच हे होण्यासारखे आहे.