टेबलटॉप भूमिकाखेळातील उपद्रवी खेळाडू

टेबलटॉप भूमिकाखेळांत ज्या सहभागी व्यक्तीच्या वर्तनामुळे गटातील इतरांचा खेळ वारंवार विस्कळीत होतो, तिला उपद्रवी खेळाडू असे म्हणतात. एखाद्या दिवशी उशिरा आलेला किंवा कंटाळलेला खेळाडू या व्याख्येत बसत नाही. वर्तनातील सातत्य आणि इतरांना होणारा त्रास हे दोन्ही येथे अभिप्रेत आहेत. अशा खेळाडूला कसे हाताळावे, याची चर्चा या खेळांच्या मार्गदर्शक पुस्तकांत १९७०च्या दशकापासून आढळते आणि तिचा रोख काळानुसार बराच बदललेला आहे.

समस्येचे मूळ

भूमिकाखेळात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. पात्र काय करते हे तो तोंडी सांगतो आणि फलित अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. भोवतालचे जग, इतर पात्रे आणि कृतींचे परिणाम यांचे वर्णन सूत्रधार करतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात सूत्रधारास 'डन्जन मास्टर' म्हणतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला व तो या प्रकारातील पहिला व्यावसायिक खेळ मानला जातो. एकच कथानक अनेक बैठकींतून, कधी कधी वर्षानुवर्षे चालत असल्याने एका खेळाडूचा त्रास एका संध्याकाळीपुरता मर्यादित राहत नाही.

बुद्धिबळात किंवा पत्त्यांच्या डावात लबाडी झाली, तर नियमाकडे बोट दाखवून ती सिद्ध करता येते. भूमिकाखेळात मात्र एकही नियम न मोडता डाव नासवता येतो. सोबत्यांच्या झोळीतील सोने लांबवणारा चोर नियमांच्या चौकटीतच असतो. १९७५ सालच्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत चोर हा पात्रवर्ग आला, तेव्हापासून खिसे कापण्याचे कौशल्य नियमांतच नमूद आहे. तक्रार केल्यास 'माझे पात्र असेच वागेल' असे उत्तर मिळते. हा बचाव इतका परिचित आहे की इंग्रजी भाषक खेळाडूंत त्याला 'माय गाय सिंड्रोम' असे नावच पडले आहे. बचाव वरवर बिनतोड वाटला तरी तो फसवा आहे: पात्र खेळाडूनेच घडवलेले असते आणि त्या पात्राला शोभतील अशा अनेक कृतींपैकी नेमकी ही कृतीही त्यानेच निवडलेली असते.

उपद्रव आणि आवडींमधील तफावत

नियमांचा कीस पाडत प्रत्येक निर्णयावर वाद घालणाऱ्यास 'रूल्स लॉयर', केवळ आपल्या पात्राचे सामर्थ्य वाढवण्यात मग्न असणाऱ्यास 'मंचकिन', तर भेटेल त्याला ठार मारून लुटत सुटणाऱ्या पात्रांस 'मर्डरहोबो' म्हणण्याचा प्रघात आहे. सतत स्वतःच बोलत राहणे, इतरांच्या पाळीत भ्रमणध्वनीत गुंतणे, फाशांवरील आकडा खोटा सांगणे यांना अशी खास नावे नाहीत, परंतु प्रत्यक्षात त्यांचाच त्रास अधिक होतो.

तथापि अशी लेबले जपून वापरावी लागतात. ग्लेन ब्लॅकाउ यांनी १९८० साली 'डिफरंट वर्ल्ड्स' या नियतकालिकात खेळण्याच्या चार वृत्तींची मांडणी केली: सामर्थ्यवृद्धी, भूमिकानिर्वाह, युद्धनीती आणि कथाकथन. रॉबिन लॉज यांनी २००२ सालच्या पुस्तकात खेळाडूंचे प्रकार सांगून सूत्रधाराने प्रत्येकाला त्याच्या आवडीचे काहीतरी द्यावे, असा सल्ला दिला. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ सालच्या सूत्रधार-मार्गदर्शिकेत तर काहीतरी घडावे म्हणून मुद्दाम खोड काढणे हीदेखील खेळाडूची एक वैध आवड म्हणून नोंदवलेली आहे. मंत्रिमंडळातील कारस्थानांवर रंगलेल्या गटात लढाईची वाट पाहणारा खेळाडू उपद्रवी ठरतो. तोच दुसऱ्या गटात आदर्श ठरला असता. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या 'पॅरानॉया' या विनोदी खेळात तर सहकाऱ्यांवर देशद्रोहाचा आरोप करणे व त्यांचा काटा काढणे हाच खेळाचा गाभा आहे, आणि त्यासाठी प्रत्येक पात्राच्या सहा प्रतिकृतींची सोय केलेली आहे. विश्वासघात दोन्हीकडे होतो. फरक इतकाच की 'पॅरानॉया'च्या टेबलावर बसणाऱ्याने त्याला आधीच संमती दिलेली असते.

कथानकातून शिक्षा

गायगॅक्स यांच्या १९७९ सालच्या 'डन्जन मास्टर्स गाइड' या पुस्तकात त्रासदायक खेळाडूंविषयी एक छोटे प्रकरण आहे. वाद घालणाऱ्याच्या पात्रावर आकाशातून निळ्या विजा पाडाव्यात, अदृश्य जगातून येणाऱ्या ममीचा हल्ला घडवावा किंवा त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा एक गुण कायमचा कमी करावा, असे उपाय त्यात सुचवले आहेत. पुढील काळात हा मजकूर सूत्रधाराच्या मनमानीचे उदाहरण म्हणून गाजला. त्याच प्रकरणात असे उपाय वारंवार करावे लागत असतील तर ते निष्फळ आहेत, आणि अंतिम इलाज त्या व्यक्तीला पुढील बैठकींना न बोलावणे हाच आहे, असेही स्पष्ट म्हटले आहे. हा भाग मात्र फारसा उद्धृत होत नाही.

कथानकातील शिक्षेचा दोष असा, की ती खेळाडूच्या वर्तनाचे उत्तर पात्राला देते. ज्याला लक्ष वेधून घ्यायचे आहे त्याला विजेच्या रूपाने ते मिळते. ज्याला आपले काय चुकले हे खरोखर उमगलेले नाही, त्याला सूत्रधार आपल्यावर डूख धरून आहे असे वाटते. शिवाय या चढाओढीत बाकीचे खेळाडू केवळ प्रेक्षक होऊन बसतात.

पूर्वसंमती आणि संवाद

यामुळे अलीकडील पुस्तकांचा भर खेळाबाहेरील बोलण्यावर आहे. कथानक सुरू होण्यापूर्वीच्या बैठकीला 'सेशन झिरो' म्हणतात. कथेचा बाज, पात्रांनी एकमेकांवर शस्त्र उचलायचे की नाही, गैरहजेरीचे काय करायचे, कोणते विषय टाळायचे हे तीत ठरते. २०२० सालच्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या पुस्तकात या बैठकीला स्वतंत्र स्थान मिळाले. रॉन एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये मांडलेल्या 'लाइन्स अँड व्हेल्स' या संकल्पनेत कथेत मुळीच न आणायचे विषय आणि पडद्याआड ठेवायचे विषय वेगळे केले जातात. जॉन स्टावरोपोलोस यांच्या 'एक्स-कार्ड' पद्धतीत टेबलावर फुलीचे चिन्ह असलेले पत्रक ठेवतात; कोणीही त्याला स्पर्श केल्यास चालू प्रसंग कारण न विचारता वगळला जातो. मात्र ही साधने नकोशा आशयासाठी आहेत. जो जाणूनबुजून इतरांची मर्यादा ओलांडतो, त्याच्यावर पत्रकाचा काही इलाज चालत नाही.

प्रत्यक्ष त्रास सुरू झाल्यावर सूत्रधाराने त्या खेळाडूशी बैठकीबाहेर, एकांतात आणि ठोस प्रसंगाचा उल्लेख करून बोलावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. 'तू खेळ बिघडवतोस' यापेक्षा 'गेल्या दोन बैठकींत तू तिचे वाक्य पाच वेळा तोडलेस' हे सांगणे उपयुक्त ठरते, कारण त्यावर सुधारणा करता येते. ही जबाबदारी सूत्रधारावरच टाकण्याची प्रथा मात्र वादातीत नाही. तो कथेचा निवाडा करतो. माणसांचा निवाडा करण्याचा अधिकार त्याला गटाने दिलेला असतोच असे नाही. कधी कधी उपद्रव स्वतः सूत्रधाराचाच असतो, आणि तेव्हा खेळाडूंना एकत्र येऊन बोलण्यावाचून मार्ग उरत नाही.

गटातून वगळणे

संवाद निष्फळ ठरल्यास सदस्याला वगळले जाते. बहुतेक गट मित्रांचे असल्याने हा निर्णय लांबणीवर पडतो. 'गीक सोशल फॅलसीज' या २००३ सालच्या निबंधात या टाळाटाळीची मीमांसा आहे: ज्यांना स्वतःला कधीकाळी वाळीत टाकल्यासारखे वागवले गेले, त्यांना कोणालाही वगळणे हे पापच वाटते. परिणामी त्रास देणारा राहतो आणि त्रास सोसणारे एकेक करून निमूटपणे गळतात.

वगळलेल्या खेळाडूच्या पात्राचे काय करायचे, हा प्रश्न मागे उरतो. ते पात्र सूत्रधाराने चालवावे, प्रवासाला पाठवून द्यावे किंवा कथेत त्याचा मृत्यू दाखवावा, असे तिन्ही प्रघात आहेत. गेलेल्या खेळाडूची टर उडवणारा मृत्यू रंगवण्याचा मोह अनेक गटांना होतो. बरेच सूत्रधार पात्राला शांतपणे निरोप देणेच पसंत करतात.